पुढचं तू बघ

दिवाळीत त्र्यंबकला गेलो आणि बाबांच्या जुन्या संगणकावर, त्यांना न विचारता, लिनक्स टाकलं. रीस्टार्ट केला तर यादीत विंडोज गायब! यजमानांच्या वह्यांमधल्या वंशावळी चार वर्षं खपून त्यांनी तिथेच टाईप केलेल्या. बाबा काही बोलले नाहीत, उठून कुशावर्ताकडे निघून गेले. (ओरडले असते तर बरं झालं असतं.)

मग ट्यूब पेटली. विंडोज जागेवरच होतं. यादी दाखवणारा बूटलोडर, म्हणजे ग्रब, त्याला ओळखच देत नव्हता. २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून दुसऱ्या सिस्टिम्स तो आपणहून शोधत नाही. आणि गंमत म्हणजे विंडोज सुरू करणं त्याला येतही नाही. अशा जुन्या बायोसवाल्या मशीनवर तो विंडोजच्या पार्टिशनचा पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर मेमरीत आणून ठेवतो, त्यात उडी मारतो आणि स्वतः संपतो. पुढचं तो सेक्टर बघेल! याला चेनलोडिंग म्हणतात. गंगाद्वारला दिसलेली गोदावरी लुप्त होऊन खाली कुशावर्तात प्रकटते म्हणतात, तसंच काहीसं.

सेटिंगमध्ये एक ओळ घातली, यादी पुन्हा बनवली. बाबा परतले तेव्हा विंडोज उघडलेलं होतं. त्यांनी फाईल उघडून शेवटचं नाव तपासलं.

"चहा टाकतोस का रे?"