भोगीची बाटली

धाकटा तीन वर्षांनी येवल्यास आला तो भोगीच्या दिवशी, आणि हातात बाटली घेऊन. आमच्या घराण्यात आजवर बाटली आली ती एक तर गुलाबपाण्याची, नाही तर खोकल्याच्या औषधाची. ही ओट्यावर उभी राहताच आमची सौ. दोन पावले मागे सरली.

"वहिनी, दारू नाही, वाइन आहे."

मराठीचा अध्यापक या नात्याने मला हा भेद मान्य नव्हता. पण इतक्या दिवसांनी आलेल्या भावाशी शब्दार्थावरून कुठे भांडायचे? वडिलांच्या घराच्या वाटणीवरून पुष्कळ भांडून झाले होते. त्याच्या अर्ध्या घराला कुलूप आहे आणि ज्या गच्चीवर आम्ही दोघांनी एका आसारीवर पतंग उडवले, तिच्या मधोमध आता विटांची भिंत आहे. त्या अर्ध्याला गिऱ्हाईक आले होते. सकाळी त्याला घर दाखवून संध्याकाळी पुण्याला परत, एवढ्यापुरतीच स्वारी आली होती.

नाशिक जिल्ह्यात बाहेरून वाइन आणणे म्हणजे येवल्यात बाहेरून पैठणी आणणे. मी तसे म्हणालोही. तेव्हा कळले, की ही बाटली सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची. कंपनीचे नाव 'फ्रातेल्ली'. इटालियन भाषेत याचा अर्थ 'भाऊ'. हे सांगून झाल्यावर आम्ही दोघेही थोडा वेळ बाटलीकडेच पाहत राहिलो.

वाइनचे नाव 'सेत्ते', म्हणजे सात. सेच्ची, सेखरी आणि मोहिते-पाटील या तीन घरांतले सहा जण, आणि सातवे टस्कनीचे पिएरो मासी, असे सात भागीदार. हिच्यात दोन जातींच्या द्राक्षांचे मिश्रण आहे: टस्कनीचे सांजोव्हेझे आणि फ्रान्सचे काबर्ने सोव्हिन्यो. इटलीत १९७०च्या दशकात काही जणांनी अशी मिश्रणे केली, तेव्हा ती तिथल्या नियमांत बसेनात. उत्तम असूनही त्यांना साधी टेबल वाइन म्हणून विकावे लागले. नियमांचे हे असेच असते.

स्टीलच्या फुलपात्रांतून आम्ही ती घेतली. सांजोव्हेझे आंबट, काबर्ने तुरट. 'तुरट'! हिरडा, सुपारी, कोरा चहा यांनी जीभ आवळून ठेवलेल्या आम्हां लोकांना ही चव कुणी शिकवायला नको. सौ.ने बोट बुडवून पाहिले आणि "साखर घालायला विसरले वाटतं," असा निकाल दिला.

मग जेवणाची परीक्षा सुरू झाली. पहिल्याच घासाला मी ठेचा घेतला आणि वर घोट. कानांतून वाफ निघाली! तिखटाने मद्याची आग वाढते आणि तुरटपणा कडवट होतो, हे धाकट्याने मागाहून सांगितले. बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकरीवर लोण्याचा गोळा आला, तेव्हा मात्र वाइनचा सूर बदलला. स्निग्ध पदार्थापुढे ती नरमते. तिकडे तिच्याबरोबर मटण आणि जुने चीज खातात ते त्यासाठीच. पण चुलीवर भाजलेल्या वांग्याच्या भरिताशी तिचे जमले तसे कशाशीच नाही. तो धूर तिला ओळखीचा वाटला असावा. तीळकूट घातलेली भोगीची भाजीही बरी गेली.

शेवटी सौ.ने तिळगूळ दिला. "घ्या, गोड बोला." आम्ही दोघांनी तो तोंडात टाकला, वर घोट घेतला आणि एकदमच तोंडे वाकडी केली. गोडावर ही वाइन चिंचेसारखी लागते. तीन वर्षांत आम्ही एका गोष्टीवर एकत्र हसलो ते तेव्हा.

अर्धी बाटली उरली. बाहेर गच्च्यांवरून काटाकाटीचा आरडाओरडा चालू होता. धाकट्याने घड्याळ पाहिले.

"ही ठेवली तर किती दिवस टिकते?" सौ.ने विचारले.

"दोन-तीन दिवस. मग उतरते."

"मग करीपर्यंत राहा. हे एकटे काही संपवायचे नाहीत."

त्याने माझ्याकडे पाहिले. मी बूच दाबून बसवले आणि बाटली फ्रीजमध्ये दह्याच्या पातेल्याशेजारी ठेवून दिली.