तपासणीची भीती, आईची प्रार्थना आणि माझे स्वतःचे हृदय



"डॉक्टरसाहेब, रिपोर्टमध्ये काही निघालं तर?" पिंप्राळ्यातल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न मी जवळजवळ रोज ऐकतो. माझे उत्तरही ठरलेले असते: "निघालं तर उपचार करू, घाबरू नका." आज तुमच्यापाशी कबूल करायचे आहे की माझी स्वतःची वेळ आली, तेव्हा हे उत्तर माझ्या काही उपयोगी पडले नाही.

दोन वर्षांपूर्वी आषाढी एकादशीला इथल्या रथाच्या गर्दीत चालताना छातीच्या मधोमध दडपण आले. पाच मिनिटे उभा राहिलो, गेले. दोन दिवसांनी जिना चढताना पुन्हा तेच. तुमच्यापैकी कोणी ही तक्रार घेऊन आला असता, तर मी लगेच ईसीजी काढून त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले असते. मी मात्र ॲसिडिटीची गोळी घेतली. एकोणीस दिवस घेत राहिलो. माझे वडील ५१व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. मी तेव्हा ४९ वर्षांचा होतो. काय असू शकते हे मला चांगले माहीत होते, म्हणूनच तपासायचे नव्हते.

असे का होते? मेंदूच्या आत अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा एक भाग आहे. धोका दिसला की तो सगळ्या शरीराला जागे करतो. ॲड्रेनालिन वाढते, नाडी पळते, तळहातांना घाम येतो, झोप उडते. अशा वेळी "पुढच्या आठवड्यात बघू" म्हटले की लगेच हायसे वाटते. मेंदू तेवढेच शिकतो, की टाळले म्हणजे बरे वाटते. मग दर वेळी टाळणे सोपे होते आणि भीती मोठी होत जाते. शिक्षण कितीही असो, या बाबतीत सगळे सारखेच.

माझी आई ७६ वर्षांची आहे. आमचे घर ख्रिस्ती, रात्री जेवणानंतर प्रार्थना करायची पद्धत. विसाव्या दिवशी तिने मला जिन्यात थांबलेले पाहिले आणि सरळ विचारले. मी सगळे सांगून टाकले. तिने उपदेश केला नाही. एवढेच म्हणाली, "रमाबाईंना भीती वाटली नसेल का रे?"

पंडिता रमाबाईंची गोष्ट मी तिच्याच तोंडून लहानपणी ऐकलेली. दुष्काळात त्यांचे आई, वडील आणि थोरली बहीण अन्नावाचून गेली. पुढे भाऊ गेला. १८८२ मध्ये कॉलऱ्याने नवरा गेला, पदरात लहान मुलगी. इंग्लंडला जाऊन डॉक्टर व्हायचे होते, पण कमी ऐकू येत असल्यामुळे तेही राहिले. १८८३ मध्ये तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण मनाला खरी शांती त्यानंतर अनेक वर्षांनी लाभली, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आणि १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा ही बाई तिकडे गेली. ज्या दुष्काळाने घर खाल्ले, त्याच्याच तोंडात. तिथून शेकडो उपाशी मुली आणल्या आणि केडगावला त्यांचे मुक्ती मिशन उभे राहिले.

त्या रात्री आम्ही प्रार्थनेला बसलो. मी मोठ्याने म्हणत होतो, "प्रभू, ब्लॉक नसू दे." आईने मध्येच थांबवले. "ते नको मागू. जे असेल ते आहेच. उद्या जायला बळ माग."

सकाळी बायकोला घेऊन गेलो. (खरे तर त्याच रात्री जायला हवे होते. तुम्ही जा.) अँजिओग्राफीच्या टेबलवर माझी नाडी ११८ होती आणि हात बर्फासारखे गार. भीती गेली नव्हती. मी तेविसावे स्तोत्र मनात म्हणू लागलो, सावकाश, एकेका ओळीला एक श्वास. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत नाडी ९२ वर आली. एक ब्लॉक निघाला, एक स्टेंट बसला.

माझ्यासाठी तो विश्वासाचा आधार होता. डॉक्टर म्हणून त्यामागचे शरीरशास्त्रही सांगतो. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास आला होता. २३ निरोगी माणसांनी जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम' हा मंत्र म्हटला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला. श्वास असा संथ झाला की व्हेगस नावाची नस हृदयाला जरा दमाने घ्यायला लावते.

पण याचा उलटा अर्थ काढू नका. "देवावर विश्वास आहे" म्हणून साखरेच्या गोळ्या बंद करून पायाला जखम घेऊन आलेले पेशंट मी पाहिले आहेत. त्याला मी विश्वास म्हणत नाही, ते माझ्या एकोणीस दिवसांसारखेच टाळणे आहे. छातीत दडपण, घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारे दुखणे असेल, तर आधी १०८ ला फोन, प्रार्थना गाडीत. आणि कारण नसताना वारंवार धडधड होत असेल, भीतीने घराबाहेर पडवत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. त्यावर चांगले उपचार आहेत.

गेल्या आठवड्यात एक काकू आल्या होत्या. मॅमोग्राफीची चिठ्ठी पर्समध्ये दोन महिने घडी घालून ठेवलेली. "घाबरू नका" हे मी आता म्हणत नाही. म्हटले, "भीती वाटणारच. घरी काय म्हणता तुम्ही, देवाचं?" त्या म्हणाल्या, "हनुमान चालिसा." मी म्हटले, "म्हणा मग, सावकाश, मी थांबतो." त्यांनी डोळे मिटले. बाहेर नंबर लागलेले होते, राहू दिले. मग त्यांच्या मुलाला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची वेळ घेतली.