पिशवीतले दप्तर

दवाखान्यात येताना घरातील झाडून सारी औषधे एका पिशवीत घालून आणावीत, असा शिरस्ता मी माझ्या रुग्णांना गेली अनेक वर्षे घालून दिला आहे. आणि सिल्लोड, कन्नड, वैजापूर, पैठण अशा तालुक्यांतून पहाटेची एस.टी. धरून छत्रपती संभाजीनगरास येणारी ही माणसे तो निष्ठेने पाळतात. पिशवी टेबलावर रिकामी झाली की रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून घेतलेली सुटी पुडी, सर्दीची गोळी, कोणा वैदूचे चूर्ण, आणि कधी कधी चार महिन्यांपूर्वी मीच लिहून दिलेले, एकही गोळी न काढलेले पाकीट बाहेर पडते. आणि ज्या रक्तदाबास मी मनोमन हट्टी ठरवून बसलेला असतो, त्याची सारी कैफियत माझ्यापुढे उलगडते.

तीन निरनिराळ्या जातींची औषधे, ज्यांत एक लघवीवाटे मीठ व पाणी बाहेर काढणारे असलेच पाहिजे, पुऱ्या मात्रेत देऊनही दाब 140/90 च्या खाली येत नसेल, तर तो दुःसाध्य रक्तदाब, अशी शास्त्राची साधारण व्याख्या आहे. परंतु हा शिक्का उमटवण्यापूर्वी वैद्याने स्वतःच्या हातांची जबानी घेणे अवश्य आहे. जिना चढून आलेल्या माणसास पाच मिनिटे स्वस्थ बसू दिले होते काय, पाठीस टेका व दंड हृदयाच्या पातळीस होता काय, जाड दंडास अरुंद पट्टा तर गुंडाळला नव्हता, कारण तसा पट्टा नसलेला दाब दाखवतो. त्यानंतर गोळ्यांचा प्रश्न. ‘बरं वाटत व्हतं, म्हणून थांबवल्या,’ असे शेतमजूर बाई सांगते तेव्हा त्यात लबाडी नसते. ज्या रोगाला वेदनाच नाही, त्याच्यासाठी रोजच्या मजुरीतून पैसे काढणे किती कठीण, हे मला खुर्चीत बसून कळायला फार वर्षे लागली. आणि गुडघ्याची ती पुडी! वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ धरून ठेवतात, रक्तदाबाच्या कित्येक औषधांचा जोर मोडतात, आणि मूत्रपिंडासही उपद्रव करतात. ती पुडी बंद केल्यावर, एकही नवे औषध न लिहिता, दाब उतरलेला मी पाहिला आहे.

एका चुकीचे स्मरण मात्र आजही मला अस्वस्थ करते. हिमरू विणणारे एक प्रौढ कारागीर माझ्याकडे येत. चार औषधे चालू असूनही त्यांचा दाब 170 च्या खाली येईना. रक्तातील पोटॅशियम, जे किमान साडेतीन असावे, ते 2.8 भरले, मी त्याचा दोष लघवीच्या गोळीवर टाकला आणि पोटॅशियमचे पातळ औषध लिहून मोकळा झालो. ‘टांगों में जान नहीं रहती, डॉक्टर साहब,’ असे ते दर खेपेस सांगत, मागावर बसताना पाय जड होतात म्हणत, आणि मी पाचव्या औषधाचा विचार करीत असे. अशी दोन वर्षे गेली. मूत्रपिंडाच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथीत लहानशी गाठ होऊन आल्डोस्टेरॉन हे संप्रेरक अमर्याद स्रवू लागले म्हणजे मीठ साचते व पोटॅशियम वाहून जाते, हे जेरोम कॉन यांनी 1955 सालीच दाखवून दिले होते; ते मी परीक्षेसाठी पाठही केले होते. त्यांच्या ग्रंथीतही तशीच गाठ अखेर सापडली; ती शस्त्रक्रियेने निघाली, आणि औषधे चारांवरून एकावर आली. पुढे 2015 साली ब्रिटनमधील ‘पाथवे-2’ या अभ्यासाने, दुःसाध्य रक्तदाबात चौथे औषध म्हणून, त्याच संप्रेरकास अडवणारे स्पायरोनोलॅक्टोन हे जुने आणि स्वस्त औषध तुलनेतील इतरांहून सरस असल्याचे सिद्ध केले. त्या कारागिरांचे पाय ती गोष्ट मला त्याच्या कितीतरी आधी सांगत होते.

म्हणून पैठणकडचे एक कीर्तनकार बुवा तशाच उतरलेल्या पोटॅशियमसह आले, तेव्हा मी तहकीकात आरंभापासून केली. त्यांच्या पिशवीत काही नव्हते. सदऱ्याच्या खिशात मात्र ज्येष्ठमधाच्या काड्या होत्या. गळा राखण्यासाठी ते वर्षानुवर्षे दिवसभर त्या चघळीत. ज्येष्ठमधातील द्रव्यामुळे शरीरातील कॉर्टिसॉल हेच आल्डोस्टेरॉनचे सोंग घेऊ लागते, आणि मीठ साचते. काड्या सुटल्या, काही आठवड्यांनी दाबही उतरला. मुळी दाब चढवते, तशी उतरवतेही. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेचा आपला अनुभव प्रसिद्ध केला आणि आपल्याकडील ती वनस्पती जगभरच्या वैद्यांच्या हाती गेली. तेव्हा ‘झाडपाल्याचे आहे, त्याने काय होणार?’ असे म्हणणाऱ्यास मी दोन्ही मुळ्यांची हकीकत सांगतो.

तरुण माणसाचा दाब चढलेला दिसला की मी दोन्ही हातांची व मांड्यांची नाडी चाचपतो आणि पोटावर नळी टेकवून ऐकतो. कन्नडच्या बाजूच्या एका मुलीच्या डाव्या मनगटाची नाडी लागेना, आणि बेंबीच्या वर सूं-सूं असा स्पष्ट ध्वनी येत होता. रोहिण्यांच्या भिंतीस सूज आणणारा, 1908 साली ताकायासू या जपानी नेत्रवैद्याने प्रथम वर्णिलेला हा विकार. मूत्रपिंडाकडे जाणारी रोहिणी आवळली गेली होती. तिच्या वडिलांना मी मलिक अंबरच्या नहरेचा दाखला दिला: नहर भरून वाहत असता एका हवेलीकडे जाणारा खापरी नळ मध्येच चोंदावा, हवेलीने पाणी नसल्याची फिर्याद सरकारात न्यावी, आणि सरकारने साऱ्या शहराचाच ओघ वाढवावा. हवेलीची फिर्याद खोटी नव्हती. आठ-आठ दिवस नळाची वाट पाहणाऱ्या शहरात राहिलेल्या त्या गृहस्थांना ते तत्काळ उमगले. सूज शमल्यावर ती रोहिणी फुग्याने रुंद करण्यात आली.

सर्वांचेच असे कारण सापडत नाही. एक निवृत्त शिक्षिका दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी येतात; लोणचे, पापड, ठेचा त्यांनी केव्हाच सोडले, पाच औषधे वेळेवर घेतात, घरच्या मोजमापांची वही सुवाच्य अक्षरात लिहितात, आणि तरी आकडा 156/92 च्या आसपास रेंगाळतो. त्या घोरतात काय, हे मी परवा प्रथमच त्यांच्या सुनेस विचारले. सून क्षणभर सासूबाईंकडे पाहत राहिली, आणि मग हळूच ‘हो’ म्हणाली. झोपेत श्वास अडखळल्यानेही दाब हटून बसतो. त्यांच्या निद्रेच्या तपासणीची चिठ्ठी मी त्याच वहीच्या पहिल्या पानाला टाचून दिली आहे.