हायलंड पार्कचा कारखाना

डेट्रॉईटहून वुडवर्ड मार्गाने आम्ही उत्तरेस निघालो. थोड्याच वेळात हायलंड पार्क येथील फोर्डचा जुना चौमजली कारखाना दृष्टीस पडला. आल्बर्ट कान यांनी योजिलेली ही वास्तू १९१० साली उघडली. तावदाने इतकी, की भिंत शोधावी लागते! मोटारी येथे आता बनत नाहीत.

१९१३ च्या ऑक्टोबरात येथे गाडीचा सांगाडा दोरीने ओढीत नेऊन, वाटेत ठेवलेले भाग जोडीत जाण्याचा प्रयोग झाला. पुढे कामकरी जागीच उभा राहिला व गाडीच त्याच्यापाशी चालत येऊ लागली. साडेबारा तासांचे काम वर्षभरात ९३ मिनिटांवर आले.

घड्याळ जिंकले खरे. परंतु दिवसभर एकच चाकी पिळणारा मनुष्य टिकेना. १०० जागा भरलेल्या राखावयास त्या वर्षी सुमारे ३७० माणसे घ्यावी लागली. तेव्हा जानेवारी १९१४ मध्ये आठ तासांस पाच डॉलर रोज जाहीर झाला. वाचकभगिनींस मात्र पुढील गोष्ट अधिक नवलाची वाटेल. हा रोज पदरात पडण्यापूर्वी कंपनीचे तपासनीस कामकऱ्याच्या घरी येत आणि घराची स्वच्छता, धन्याचे मद्यपान व गाठीची शिल्लक यांची चौकशी करून वहीत टिपून नेत.