वास ओळखा पाहू

विसरभोळेपणा हा म्हातारपणाचाच भाग, असं आपण सहज म्हणून टाकतो. टोकियोतल्या संशोधकांचा प्रयोग वाचल्यापासून मला तसं म्हणवत नाही. त्यांनी ६३ ते ९० वर्षांच्या ३० जणांना व्हीआरचा चष्मा लावून एक खेळ दिला. एक वास हुंगायचा, तो लक्षात ठेवायचा आणि आभासी जगात हिंडत तोच वास शोधून काढायचा. सुमारे २० मिनिटांच्या खेळानंतर जागा आणि दिशेचं भान तपासणाऱ्या काही चाचण्यांत त्यांची कामगिरी सुधारली.

मेंदूत गंधाची वाट वेगळीच. बाकीच्या संवेदना थॅलॅमस नावाच्या केंद्रामार्गे जातात. गंध मात्र भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांना जवळजवळ थेट भिडतो. अल्झायमर, पार्किन्सनमध्ये वास कळेनासा होणं हे बऱ्याचदा सुरुवातीचंच लक्षण असतं. माझी आत्या नावं विसरते, पण हिंगाची डबी उघडली की मान वर करून विचारते, "आमटी टाकलीस का गं?" आणि मग आमसुलं किती घालायची तेही सांगते.

एवढ्याशा प्रयोगाला उपचार म्हणता येणार नाही, आणि तो चष्मा घरोघरी लगेच येणारही नाही. पण वास तर घरातच आहेत. वडीलधाऱ्यांसमोर वेलची, ओवा, जायफळ धरा. डोळे मिटून ओळखायला सांगा, आठवण विचारा आणि ती पुरती ऐका. वास येईनासा झाला असेल, तर वयाचं कारण सांगून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.