शिवणयंत्राच्या खणातलं कात्रण

मैत्रिणींनो, तुमच्या घरी जुनं पायाचं शिवणयंत्र असेल, तर त्याच्या खणात काय काय सापडतं ते मी सांगायला नको. रिकाम्या बॉबिनी, हुकांची पाकिटं, खडूचे तुकडे आणि घरभर शोधून न सापडलेलं विजेचं बिल. माझ्या यंत्राच्या खणात या सगळ्याच्या तळाशी एक कात्रणही आहे. यंत्र आईचं, कात्रणही तिचंच. १९८३ साली कुठल्याशा साप्ताहिकातून तिनं ते कापून ठेवलं, तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि आम्ही जालन्याला राहत होतो. फोटोतली बाई साडी नेसलेली, हातात ऑस्करची बाहुली. "ही आपली कोल्हापूरची बरं का!" आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, जणू काही त्या आमच्या आत्याच लागत होत्या.

त्या बाई म्हणजे भानू अथय्या. माहेरच्या भानुमती राजोपाध्ये. ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. पुरुषांच्याही आधी, हे मुद्दाम सांगते.

हे कात्रण इतक्या वर्षांनी बाहेर निघालं त्याला कारण घडलं. आमची लेक यंदा बारावीला. दिवाळीत सगळे जमलेले असताना तिनं जाहीर केलं, मला फॅशन डिझायनिंगला जायचंय. तिचे आजोबा म्हणाले, "शिंपीकाम शिकायला एवढे पैसे भरायचे?" तिचे बाबा गप्प राहिले. तुम्हाला वाटेल, मी तरी तिची बाजू घेतली असेन. नाही हो! सगळ्यांत आधी मीच कडाडले, "जन्मभर लोकांचे मुंढे मापत बसायचंय का माझ्यासारखं?"

गारखेड्यात येऊन मला तीस वर्षं होत आली. सूतगिरणी चौकाजवळ आमचं घर, आणि पहिल्या वर्षापासून मी घरी ब्लाउज शिवते. या यंत्रानं घराचा एक मजला चढवला असं म्हटलं तरी चालेल. पण घरी पाहुणे यायचे म्हटलं की मी त्यावर चादर टाकते. कुणी विचारलं, काय करता? तर "काही नाही, घरीच असते." सांगायची लाज वाटते, पण तसंच आहे ते. लेक त्या रात्री एवढंच म्हणाली, "आई, तू शिवतेस ते वाईट आहे का?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी बॉबीन शोधताना कात्रण हाती लागलं.

मग मी या बाईंबद्दल मिळेल ते वाचायला लागले. लेकीला गप्प करायला चार मुद्दे सापडतील, असा माझा हेतू होता. झालं उलटंच.

भानुमतींचा जन्म १९२९ चा, कोल्हापूरचा. वडील अण्णासाहेब राजोपाध्ये चित्रकार. मुलगी लहान असतानाच ते गेले. सात भावंडांचं घर आईनं सांभाळलं. मुलीचा हात चित्रकलेत चांगला, म्हणून ती मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेली आणि तिथं सुवर्णपदक मिळवलं. १९५३ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचं प्रदर्शन भरलं, त्यात तिची चित्रं होती. हुसेन, गायतोंडे यांच्या मांडीला मांडी लावून बसणारी ही मुलगी पुढे मोठी चित्रकार झाली असती, असं आजही जाणकार म्हणतात.

पण पोटापाण्यासाठी तिनं एका बायकांच्या साप्ताहिकात, 'इव्ह्ज वीकली'त, फॅशनची रेखाटनं काढायला घेतली. म्हणजे बघा, आत्ता तुम्ही हातात धरलंय तसल्याच पानांवर हे सगळं सुरू झालं! पुढे त्याच साप्ताहिकाच्या संपादिकेनं कपड्यांचं दुकान काढलं आणि भानुमतींना म्हणाली, नुसतं काढू नका, शिवून घेऊन बघा. दुकानात नट्या यायला लागल्या, त्यांनी हिची ओळख सिनेमावाल्यांशी करून दिली. १९५६ च्या 'सीआयडी'पासून गुरुदत्तच्या चित्रपटांची दारं उघडली. मग 'प्यासा', 'साहिब बीबी और गुलाम'. पुढच्या पन्नास वर्षांत शंभराहून अधिक चित्रपट झाले.

मी शिवणारी बाई, म्हणून मला यातल्या वेगळ्याच गोष्टी आवडल्या. १९६५ च्या 'वक्त'मधला साधनाचा अंगाबरोबर बसणारा कुर्ता आणि चुडीदार आठवतो? आई सांगायची, जालन्यातसुद्धा मुली तसा कुर्ता शिवून मागायच्या आणि त्यांच्या आया दाराआडून "जरा ढगळ ठेवा हो" म्हणून खुणा करायच्या. आणि १९६८ च्या 'ब्रह्मचारी'त मुमताज नाचते ती केशरी साडी! साडी नेसून असं नाचायचं म्हणजे निऱ्या सुटणार, पदर घसरणार. अथय्याबाईंनी साडी शिवूनच टाकली, आणि चढवायला-उतरवायला चेन बसवली. हल्ली लग्नसराईत माझ्याकडे पोरी 'रेडी साडी' शिवायला आणतात आणि वाटतं, काय नवीन शोध लागलाय! अहो, तुमच्या आजीच्या तरुणपणीच लागलाय तो. (करून बघायची असेल तर एक सांगते: निऱ्यांना वरून फार खालपर्यंत शिलाई मारू नका, चार-पाच बोटं पुरे. नाहीतर चालताना साडी परकरासारखी दिसते.)

'आम्रपाली' १९६६ चा. वैशालीच्या नर्तिकेची गोष्ट, अडीच हजार वर्षांपूर्वीची. त्या काळचे कपडे कोण सांगणार? अथय्याबाई आल्या आपल्याकडे, अजिंठ्याला. भिंतीवरच्या चित्रांतल्या बायका काय नेसल्यात, कुठं गाठ मारलीय, उत्तरीय खांद्यावरून कसं पडतं, हे पाहून त्यांनी वैजयंतीमालेचे कपडे केले.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. गारखेड्यात तीस वर्षं राहून मी अजिंठ्याला किती वेळा गेले होते? दोनदा. दोन्ही वेळा पाहुण्यांबरोबर, डबे सांभाळत, पोरांना हाका मारत. भिंतीकडे मान वर करून पाहिल्याचं आठवत नव्हतं.

एका रविवारी लेकीला म्हटलं, चल. (सोमवारी जाऊ नका, अजिंठा बंद असतं.) सकाळच्या एसटीनं फुलंब्री, सिल्लोड करत फर्दापूरच्या फाट्याला उतरलो, तिथून लेण्यांची बस. माझ्याशी ती अजून जरा घुश्शातच होती. खिडकीकडे तोंड करून बसली होती.

पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात चपला काढून शिरलो. आत अंधूक उजेड. डोळे सरावायला वेळ लागतो, घाई करून चालत नाही. सगळी गर्दी पद्मपाणीपुढं. आमची मात्र बाजूच्या भिंतीपाशी थबकली आणि माझा दंड धरून कुजबुजली, "आई, बाही बघ!" महाजनक जातकाचं चित्र आहे तिथं. मधोमध एक नर्तकी, आजूबाजूला वाजवणाऱ्या बायका. बाकीच्यांचं वस्त्र गुंडाळलेलं, पण त्या नर्तकीच्या अंगात चक्क लांब बाह्यांचा शिवलेला अंगरखा! दीड हजार वर्षांपूर्वीचा! बाही मनगटापर्यंत घट्ट. तशी बाही कापणं सोपं नसतं, हे मला विचारा. मी तिथंच अंधारात हातानं हवेत मुंढ्याची गोलाई काढून पाहिली. रखवालदाराला वाटलं, मी भिंतीला हात लावतेय. तो ओरडला. आम्ही दोघी हसायला लागलो आणि दिवाळीपासूनचा अबोला तिथं सुटला.

सतराव्या लेण्यात आरसा घेऊन नटणारी राजकन्या आहे, तिच्यापाशी लेक पाऊण तास वही घेऊन बसली. मी भोवतालच्या दासी पाहत राहिले. पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रं, तलम आणि जाडीभरडी, प्रत्येकीच्या पायरीप्रमाणे. कपड्यावरून माणूस ओळखू यावं, ही कला काही सिनेमानं काढलेली नाही.

'गांधी'त अथय्याबाईंनी तेच केलं. रिचर्ड ॲटनबरोंनी हा चित्रपट उभा करायला जवळपास वीस वर्षं घालवली, आणि भारतीय माणसांचे कपडे सोपवले या कोल्हापूरच्या मुलीवर. इंग्रजांकडची बाजू जॉन मोलो यांची, ऑस्करही दोघांना मिळून. काम काय होतं, विचार करा. १८९३ मधला सुटाबुटातला तरुण बॅरिस्टर, मग काठियावाडी पागोटं-अंगरखा, मग १९२१ नंतरचा नुसता पंचा. एका माणसाचे कपडे कमी कमी होत जातात आणि माणूस मोठा होत जातो, हे प्रेक्षकाला न सांगता कळायला हवं. शिवाय मागं गर्दी. अंत्ययात्रेचा प्रसंग ३१ जानेवारी १९८१ ला दिल्लीत चित्रित झाला, तीन लाखांच्या आसपास माणसं होती. माझ्याकडे एका लग्नाचे अकरा ब्लाउज आले की माझं जेवण सुटतं!

बरं, या चित्रपटात डोळे दिपवणारं वस्त्र एकही नाही. खादी, सुती लुगडी, मळके पंचे. मला तरी यापेक्षा अवघड काम माहीत नाही. जरीच्या कापडात चूक लपते, साध्या पांढऱ्यात लपत नाही.

पुढं 'लेकिन' आणि 'लगान' या दोन चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. २०१० साली त्यांनी आपल्या कामावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. आणि २०१२ मध्ये ती ऑस्करची बाहुली स्वतःच अकादमीकडे परत पाठवली, नीट जपली जावी म्हणून. टागोरांचं नोबेल पदक २००४ साली शांतिनिकेतनातून चोरीला गेलं, ते त्या विसरल्या नव्हत्या. कुणी म्हणालं, परत करायची काय गरज होती? मला विचाराल तर तोही शिवणाऱ्याचाच स्वभाव, नीट घडी घालून जागच्या जागी ठेवायचं. १५ ऑक्टोबर २०२० ला मुंबईत त्या गेल्या, ९१ वर्षांच्या होऊन.

आता, मी काही भाबडी नाही. रेखाटनं काढणारी प्रत्येक मुलगी भानू अथय्या होत नसते. फी भारी आहे, प्रवेशपरीक्षा अवघड आहे, आणि आजोबांचा राग अजून उतरलेला नाही. तिचे बाबा "बघू" म्हणतात. आमच्या घरात "बघू" म्हणजे पन्नास टक्के होकार, म्हणून मी पुढं काही बोलले नाही. फक्त यंत्रावरची चादर काढून कपाटात ठेवली. मागच्या आठवड्यात नणंदेच्या सासरची मंडळी आली, तेव्हाही ती तिथंच होती.

लेकीला मात्र एक अट घातली. कागदावर कितीही सुंदर काढ, पण आधी हातानं काज करता आलं पाहिजे. रोज रात्री जेवणं झाली की ती खालमानेनं बसते. काल पाच केली. तीन मी उसवायला लावली.