मेणवलीच्या तीन वाटा

वाईपासून मेणवली सुमारे तीन किलोमीटर आहे. येथे येणारा पाहुणा नाना फडणविसांचा वाडा पाहतो, कृष्णेच्या घाटावर घटकाभर बसतो, घंटेचे छायाचित्र घेतो आणि पाचगणीकडे निघून जातो. त्याला दोष देण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखकाचे सारे आयुष्य याच पंचक्रोशीत शाळामास्तरकीत गेले. परंतु घर, शाळा आणि वाईचा बाजार यांपलीकडच्या रानवाटा वयाची ६४ वर्षे उलटेपर्यंत त्यानेही पाहिल्या नव्हत्या. तो योग एका नातीमुळे आला.

आमच्या थोरल्या चिरंजिवांची ही कन्या पुण्यास शिकते आणि शनिवार-रविवार घरी येते. साताऱ्यास यवतेश्वराच्या घाटातून अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटरांहून किंचित अधिक अंतराची शर्यत होते. तीत तिने परस्पर नाव घातले. मग घरात परिषद भरली. ‘मुलीने पहाटे एकटीने रानातून धावायचे?’ हा आमच्या सौभाग्यवतींचा प्रश्न. धाकट्या बंधूंनी कुत्र्यांचा मुद्दा मांडला. सूनबाई काही बोलल्या नाहीत. धावण्याचे बूट त्यांनीच घेऊन दिले होते, हे मागाहून उघडकीस आले. अखेर ठरले ते असे की, वाटा आजोबांनी आधी चालून पाहाव्यात आणि त्यांनी पास केलेल्या वाटेनेच नातीने धावावे. मास्तराला निवृत्तीनंतरही परीक्षकपद सुटत नाही.

पहिली वाट घाटावरून वाईची. मेणवलीचा घाट नदीच्या वळणाबरोबर चंद्रकोरीसारखा वळलेला आहे. तेथेच मेणेश्वराचे व विष्णूचे देऊळ, आणि जवळच ती प्रसिद्ध घंटा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्यानंतर पोर्तुगीजांच्या ज्या घंटा देशावर आल्या त्यांपैकी ही एक. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. शिवालयाच्या शेजारास ती आता चांगलीच रुळली आहे. येथून निघावे आणि वाईच्या ढोल्या गणपतीस हात जोडून परतावे. गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, ती पुराचे पाणी दुभंगावे म्हणून. वाट सोपी, चढ नाही. पण रस्ता डांबरी आणि वाहनांचा. माझा शेरा असा की, साडेसहाच्या आत परत यावे आणि समोरचे वाहन दिसावे म्हणून उजव्या कडेने धावावे.

दुसरी वाट पाणंदीची, भोगावाच्या बाजूची. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो: दोन्ही बाजूंच्या शेतांच्या बांधांमधून बैलगाडीपुरती जी वाट सोडलेली असते, ती पाणंद. पायाखाली माती असल्यामुळे गुडघ्यांस ही वाट फार मानवते. एका अंगास ऊस, दुसऱ्या अंगास हळद. या भागाची हळद पूर्वीपासून नावाजलेली. भोगावास वामनपंडितांची समाधी दाखवितात. त्यांचे श्लोक मी अनेक वर्षे मुलांकडून पाठ करून घेतले, आणि समाधीपुढे उभा राहिलो तो मात्र प्रथमच, तेही नातीच्या बुटांच्या निमित्ताने! परतताना आषाढाची सर आली. त्या काळ्या मातीत माझी एक वहाण अशी रुतली की ती तिथेच ठेवून मी घरी आलो. वाटेत भांगलण करणाऱ्या एका बाईंनी विचारले, “गुरुजी, काय हरवलंय व्हय?” कामावाचून कोणी रानातून हिंडेल, हे त्यांना पटण्यासारखे नव्हते. ही वाट दिवाळीनंतर पास, पावसाळ्यात नापास.

तिसरी वाट धोमच्या कालव्याची. पाणी उताराने वाहावे, पण वेगाने धावू नये, म्हणून कालवा डोंगराच्या कुशीने, जवळजवळ एका पातळीवरून वळणे घेत नेलेला असतो. साहजिकच त्याच्या काठची वाटही तशीच सपाट. दम न लागता लांबवर धावावयास याहून चांगली जागा मला माहीत नाही. एका बाजूस पाणी, दुसरीकडे खाली पसरलेले हिरवे खोरे, मागे पांडवगड. मी स्वतःही निर्मनुष्य जागा पाहून पन्नास-एक पावले धावलो. हे घरी सांगितले नाही.

नातीने त्या दिवशी अंतर मोजणारे आपले घड्याळ माझ्या मनगटास बांधले होते. कालव्यावर चढण्याची वाट माझ्या जुन्या शाळेच्या फाटकावरून जाते, म्हणून मोजणी तेथून सुरू केली. धोमची घरे दिसू लागली तेव्हा घड्याळात पाच किलोमीटर आणि आठशे मीटर झाले होते, आणि मला एकदम एक मुलगा आठवला.

पंचवीसएक वर्षांपूर्वी तो माझ्या आठवीच्या वर्गात होता. आठवड्यातून तीन-चार दिवस प्रार्थना संपल्यावर येई. सदरा घामाने पाठीस चिकटलेला. मी त्याला दाराबाहेर उभा करी. एकदा उशिराचे कारण विचारले तेव्हा म्हणाला, “गुरुजी, कालव्यानं पळत आलो.” मी म्हणालो, “मी कारण विचारले, वाहन नव्हे.” वर्ग हसला. त्या कोटीचा मला पुष्कळ दिवस अभिमान होता. धारा काढून, दूध डेअरीत घालून तो निघत असे, हे फार उशिरा कानी आले. नववीत तो आलाच नाही.

धोम हे नाव धौम्य ऋषींवरून आले, असे परंपरा सांगते. महाभारताच्या आदिपर्वातील आयोद धौम्यांचा शिष्य आरुणी शेताचा फुटलेला बांध अडविण्यासाठी स्वतः आडवा पडला, ही कथा मी दरवर्षी गुरुपौर्णिमेस सांगत असे. शिष्य परतला नाही तेव्हा गुरू स्वतः त्याला हाका मारीत शेताकडे गेले, हा भाग मात्र मी नेहमी घाईने उरकीत असे.

धोमच्या अलीकडे कालव्याला लागून एक गोठा आहे. तेथून एक काळे कुत्रे अंगावर धावून आले, आणि त्याच्यामागून त्याला आवरीत एक गृहस्थ. त्यांनी मला ओळखले. मी त्यांना आवाजावरून ओळखले. तोच तो मुलगा. आता कानांपाशी केस पिकलेले.

“गुरुजी, एवढ्या सकाळी?”

मी नातीची हकीकत सांगितली. मग न राहवून म्हणालो, “तू शाळेला पळत येत होतास, ते अंतर आज मोजले. पाच किलोमीटर आठशे मीटर.”

“एवढंच?” तो हसून म्हणाला. “मला तर दहा वाटायचं.”

“तुला बाहेर उभा करीत होतो, ते चुकले माझे.”

तो क्षणभर गप्प राहिला. मग कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा धरून म्हणाला, “नात कवा येणार? शनवार-आयतवार ह्याला बांधून ठिवतो.” आणि चहा घेतल्यावाचून मला सोडले नाही.

तिसरी वाट मी पास केली. पुढच्या शनिवारी एस. टी.ने आधीच धोमला जाऊन सिद्धेश्वराच्या देवळात बसलो. तेथे कमळाच्या आकाराच्या कुंडात दगडी कासव आहे आणि त्याच्या पाठीवर नंदी. कासवाकडे पाहत शर्यतीच्या तयारीची वाट पाहणे थोडे विनोदीच. इतक्यात ती आली, लालबुंद होऊन, आणि पायरीवर बसत म्हणाली, “आजोबा, तुम्ही म्हणालात ते कुत्रं बांधलेलं होतं. आणि एका काकांनी मला पाणी विचारलं.”